सात रस्ते आणि एकही गिअर नाही

सोलापूरच्या सात रस्त्यावर सिग्नल हिरवा झाला तेव्हा माझ्यापुढे जायला वाटाच वाटा होत्या. नव्हता तो फक्त गिअर.

डावा पाय क्लचवर, क्लच पार तळाला, आणि दांडा पहिल्या गिअरच्या तोंडाशी रुसलेल्या जावयासारखा उभा. या म्हटलं तरी आत येईना. दुसरा टाकून पाहिला, तोही नाही. रिव्हर्सला हात घातला तर खालून असा ‘कर्रर्र’ आवाज निघाला की शेजारच्या स्कूटरवरच्या बाईंनी पोराला जवळ ओढलं. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला आणि शेवटी बाहेर डोकावून म्हणाला, “काय करलालाव ओ मामा? मुक्काम हाय का हितंच?”

घाबरून मी इंजिनच बंद केलं. आणि काय सांगू, तोच दांडा आता पहिल्यात, दुसऱ्यात, रिव्हर्सला, कुठेही मुकाट्याने जाऊन बसू लागला. इंजिन चालू केलं की आडमुठा, बंद केलं की गरीब गाय. मग गिअरमध्येच ठेवून किल्ली फिरवली. जीपने बुजलेल्या खोंडासारख्या दोन उड्या मारल्या आणि चालू लागली. तशीच दुसऱ्या गिअरमध्ये, कुठेही न थांबता घरी आणली. वाटेत दोन सिग्नल होते. त्यांच्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

जीप 1994 ची. मी तिसरा मालक. फोर व्हील ड्राइव्ह. सोलापुरात फोर व्हील ड्राइव्ह कशाला, हा प्रश्न मला आजवर नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी आणि पेट्रोल पंपावरच्या पोराने विचारून झालाय. डोंगर नाही, घाट नाही. गावातला मोठ्यात मोठा चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल. घेताना मी बायकोला पटवून सांगितलं होतं की नान्नजकडे आपलं रान आहे, जमीन काळी आहे, पाऊस पडला की साधी गाडी रुतते. ती म्हणाली, “पडला की, ना?”

पडला की. सहा वर्षांत फोर व्हील दोनदा लागली. एकदा ओढ्यात, आणि एकदा कुणाच्या तरी मेव्हण्याला दाखवायला. या गाडीत दोन दांडे असतात. मोठा गिअरचा, आणि त्याच्या शेजारी धाकटा, ट्रान्स्फर केसचा. टू व्हील, फोर व्हील, मधे न्यूट्रल आणि खाली लो. हा धाकटा न्यूट्रलला राहिला तर मोठ्याने कुठलाही गिअर टाका, गाडी जागची हलत नाही. हे मला पहिल्याच वर्षी, सहा जणांनी गाडी भर उन्हात गॅरेजपर्यंत ढकलत नेल्यानंतर कळलं. मिस्त्रीने आत हात घालून धाकटा दांडा पुढे सारला आणि पैसे घेतले नाहीत. पैसे घेतले असते तर बरं वाटलं असतं.

त्यामुळे या वेळी मी आधी धाकटा दांडा तपासला. तो जागेवर होता. म्हणजे दुखणं खरं होतं.

आजारी माणसाला बघायला येणारे आणि बंद गाडी बघायला येणारे यांत फरक एवढाच, की गाडीवाल्यांना बिस्किटं आणावी लागत नाहीत. समोरचे साहेब म्हणाले, गिअरबॉक्स गेला. वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा पोरगा म्हणाला, सिंक्रोमेश. हा शब्द त्याने इतक्या गंभीरपणे उच्चारला की आईने आतून विचारलं, “कुणाला झालं?” पानवाल्याच्या मते हा सगळा उन्हाचा परिणाम. महिना जानेवारी होता. पण सोलापुरात ऊन हे बारमाही कारण आहे. रंग उडाला, ऊन. टायर फुटला, ऊन. पोरगं नापास झालं, परीक्षा उन्हात होती.

गॅरेजवाला एकदाच येऊन गेला. बोनेट उघडलं नाही, खाली वाकला नाही. बाहेरूनच चाकाला पायाने जरा ढकललं आणि म्हणाला, “गिअरबॉक्स उतरवायला लागतंय.” उतरवून काय करायचं, विचारलं. “बघू की.” बघण्याचे अठरा हजार सांगितले. पुढे जे निघेल ते वेगळं. खरं सांगतो, मला त्याचा राग आला नाही, उलट थोडं मोठेपण वाटलं. माणसाचं दुखणं कसं भारदस्त पाहिजे. गिअरबॉक्स उतरवला म्हटलं की ऐकणारा खुर्ची पुढे ओढतो.

आडवे आले जॉबरमामा.

आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. मिलमध्ये जॉबर होते, म्हणजे मागांवर देखरेख करणारे मुकादम. मिल बंद पडली, पण मामांच्या कानातली मिल चालूच राहिली. मिक्सर, पंखा, शिलाई मशीन, कशाचाही आवाज जरा बदलला की मामा दारात. आयुष्यात कधी चारचाकी चालवली नाही. पण शे-दोनशे मागांच्या खडखडाटात कुठल्या मागाचा धोटा वाकडा चाललाय ते डोळे मिटून सांगणारा माणूस. त्याच्यापुढे एक इंजिन म्हणजे काय!

“कुठला गिअर पडत नाही?”

“एकही नाही, मामा.”

“नीट सांग बे. एक का सगळे?”

“सगळेच.”

“मग गिअरबॉक्सला कशाला बदनाम करलालास?” मामा पायरीवर टेकले. “एकच धागा सारखा तुटला तर त्या धाग्याच्या वाटेत बघायचं. सगळेच तुटाय लागले तर मागात बघायचं. एकच गिअर कुरकुरला असता तर पेटीत खोट. सगळेच अडले म्हणजे पेटीच्या आधीचं काहीतरी.”

पेटीच्या आधी असतो क्लच. इंजिन फिरतंय ते गिअरबॉक्सपासून क्षणभर तोडायचं, एवढंच त्याचं काम. पेडल दाबूनही ते पुरतं तुटलं नाही तर आतले दाते फिरतच राहतात, आणि फिरत्या दात्यांत दुसरे दाते घुसवायला गेलं की कर्रर्र. इंजिन बंद केल्यावर फिरायलाच काही उरत नाही, म्हणून गिअर सुतासारखे पडतात. सात रस्त्यावर गाडीने मला हे स्वच्छ मराठीत सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, कारण मागून रिक्षावाला बोलत होता.

मग तपासणी. हँडब्रेक ओढून, इंजिन बंद असताना चौथा टाकून ठेवायचा, पेडल दाबून इंजिन चालू करायचं आणि क्लच सोडायचा. सोडल्यावर इंजिन बंद पडलं तर क्लचची प्लेट धरते. गुरगुरत चालूच राहिलं तर प्लेट घासून गुळगुळीत. माझं इंजिन एक गचका देऊन बंद पडलं. “प्लेट धरतीय. सोडत नाही, हा तिचा रोग,” मामा म्हणाले, आणि का कोण जाणे आमच्या घराकडे बघितलं. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला आणि मूठ कानाला. पेडल दाबल्यावर किंचाळलं तर रिलीज बेअरिंग. दाबल्यावर गप्प झालं तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग. आमची जीप दोन्ही वेळा सारखीच खडखडली. ती उभ्या उभ्याही खडखडते, त्यामुळे हा पुरावा बाद.

“आता पेडल चारपाच वेळा भराभर मार. आणि मग टाक.”

मारलं. टाकला. गेला! पहिला गिअर आत जाऊन असा बसला की जणू मधे काही घडलंच नव्हतं. मी आनंदाने ओरडलो. मामा ओरडले नाहीत. “हापशाला पाणी उतरलं की आपण काय करतो? दांडा हाणत बसतो. तसंच हाय हे. तेल कमी हाय नाहीतर हवा शिरलीय.” या जीपचा क्लच तेलाच्या दाबावर चालतो. पायाशी मास्टर सिलिंडर, खाली गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर, मधे नळी. मामा खाली स्लेव्हपाशी आडवे झाले, मी पेडल दाबलं. खालून आवाज आला, “बोटभर सरकायला पाहिजे बे हे. नखभर सरकलालंय.”

तेल जातंय कुठे? पेडलखाली बघायचं तर आधी चादर काढायला हवी. होय, चादर. उन्हाळ्यात या जीपच्या पत्र्यावर पाय ठेवणं म्हणजे तव्यावर भाकरी टाकणं, म्हणून मी तिथे सोलापुरी चादरीची चौपदरी घडी घालतो. आमच्या घरी चादरींना तोटा नाही. या गावात सत्काराला, साखरपुड्याला, निवृत्तीला चादरच मिळते. माझ्या सासऱ्यांच्या एकट्यांच्या सत्कारावर तीन खाटा निघतील. चादर उचलली तर एका कोपऱ्यातली मोरांची रांग ओली. खालच्या पत्र्याचा रंग फोड येऊन सुटलेला. मामांनी बोट फिरवलं, दोन बोटांत चोळलं.

“ब्रेक ऑइल. क्लचलाबी तेच असतंय. रंग खातंय ते. दिसलं नाही व्हय तुला?”

दिसलं होतं. मला वाटलं, ऊन.

तेवढ्यात बायको बाहेर आली. “ती चादर होय? दोनदा धुतली मी या महिन्यात. मला वाटलं, तुम्ही चहा सांडता.” ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, धुतलं की डाग जातो. म्हणजे गाडी महिनाभर लेखी तक्रार देत होती आणि आमच्या घरी ती निरमा लावून पुसली जात होती. बोनेटखालच्या त्या छोट्या डबीत तेल किती राहिलंय, हे अर्थातच मी पाहिलं नव्हतं. पाहिलं तेव्हा डबीत तळाला एक मुंगी होती.

मास्टर सिलिंडरचं किट तीनशे साठ रुपयांना आलं. त्यात दोन रबरं, एक स्प्रिंग आणि माझ्या अठरा हजारांच्या भारदस्तपणाचा शेवट.

रबरं बदलायला मामांच्या ओळखीचा एक पोरगा आला, तासाभरात मोकळा झाला. वेळ गेला हवा काढण्यात. याला दोन माणसं लागतात. एक आत पेडलवर, एक खाली निपलपाशी, म्हणजे हवा सोडायच्या तोटीपाशी. “दाब!” म्हटलं की दाबायचं, “धर!” म्हटलं की धरून ठेवायचं; खालचा निपल उघडतो, नळीतून बाटलीत बुडबुडे येतात, निपल बंद होतो, आणि मगच “सोड!” निपल बंद व्हायच्या आत पाय उचलला तर गेलेली हवा परत आत. मी पेडलवर होतो. तिसऱ्या फेरीला समोरच्या साहेबांनी “काय, गिअरबॉक्स उतरवला का?” विचारलं आणि उत्तर देण्याच्या भरात माझा पाय सुटला. पाचव्या फेरीला फोन वाजला. सातव्या फेरीला खालून मामा जे बोलले ते मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषांत होतं आणि तिन्ही मला समजलं.

शेवटी बायकोला बोलावलं. ती हात पुसत आली, साडी सावरून बसली. शिलाई मशीनवर वीस वर्षांचा पाय आहे तिचा. “दाब!” “दाबलं.” “धर!” “धरलं.” खाली भूकंप झाला असता तरी पाय हलला नसता. दहा मिनिटांत बुडबुडे बंद, पेडल टणक. “झालं?” म्हणाली आणि भाकरी टाकायला आत गेली.

रविवारी सगळे हुरड्याला निघालो. बायको, आई, पुढच्या सीटवर मामा. पायाखाली नवी चादर, मुद्दाम फिकट रंगाची. सात रस्त्यावर लाल सिग्नल लागला तेव्हा मला आनंद झाला. हिरवा होताच पहिला असा पडला की मागचा रिक्षावाला त्या दिवशीचाच असता तर बरं झालं असतं. बार्शी रोडला लागलो, दुतर्फा ज्वारी, डोक्यात आगटी, शेंगाची चटणी आणि गूळ. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकला.

कुर्र.

पुन्हा खाली आणून टाकला. पहिला गप्प. दुसरा गप्प. तिसरा, कुर्र. चौथा गप्प. मी मामांकडे पाहिलं. मामा खिडकीतून ज्वारीकडे पाहत होते.

“मामा, ऐकलंत का? एकच धागा…”

“डबल क्लच मार, दोनदा दाबून टाक,” मामा म्हणाले. “हुरडा तरी खाऊ दे बे आधी.”