‘परत लाव!’

लग्न ठरले तेव्हा आमच्या पत्रिका कोणी पाहिल्या होत्या की नाही हे मला आठवत नाही, परंतु आवडीची गाणी जुळतात की नाही हे आम्ही दोघांनी कसून तपासले होते. तिला किशोरीताईंचा भूप ऐकल्याशिवाय रविवार उजाडल्यासारखा वाटत नसे आणि मला कुमारांची निर्गुणी भजने लागत. एवढ्या काळजीने केलेल्या या जुळवाजुळवीचा आज काहीही उपयोग नाही, कारण आमच्या घरातील आणि विशेषतः गाडीतील स्पीकरवर साडेतीन वर्षांच्या एका व्यक्तीची निरंकुश सत्ता आहे आणि संगीताच्या संदर्भात ही व्यक्ती दोनच शब्द वापरते. पहिला ‘लाव’ आणि दुसरा ‘परत’.

या सत्तेचे राष्ट्रगीत म्हणजे शार्क माशाच्या पिल्लाचे ते जगप्रसिद्ध गाणे. दक्षिण कोरियातील पिंकफाँगने काढलेले हे गाणे नोव्हेंबर २०२० मध्ये यूट्यूबवर जगात सर्वांत जास्त वेळा पाहिले गेलेले ठरले आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याने एक हजार कोटींचा आकडा ओलांडला. गाण्यात कथानक असे आहे की शार्कचे पिल्लू आहे, मग त्याची आई आहे, मग बाबा, आजी आणि आजोबा आहेत. एकत्र कुटुंबपद्धतीचा एवढा यशस्वी पुरस्कार मराठी कौटुंबिक चित्रपटांनाही कधी जमला नाही, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. त्यापुढे हे सगळे कुटुंब शिकारीला निघते, कोणीतरी पळते, वाचते आणि गाणे संपते. संपते म्हणजे मागच्या आसनावरून ‘परत’ असा आदेश येईपर्यंतच संपते.

या गाण्याविषयी माझे मत पूर्वग्रहदूषित आहे असे माझ्या आईला वाटते. म्हणून मी तिला अमेरिकेतील ओक्लाहोमा परगण्याच्या तुरुंगाची हकिगत ऐकवली. तेथे कैद्यांना बेड्या घालून उभे करून हेच गाणे पुन्हा पुन्हा मोठ्या आवाजात ऐकवल्याबद्दल दोन माजी कर्मचाऱ्यांवर आणि त्यांच्या वरिष्ठावर २०२० मध्ये क्रूर वागणुकीचे आरोप ठेवण्यात आले. त्याच्या आदल्या वर्षी फ्लोरिडातील वेस्ट पाम बीच या शहराने, बेघर लोकांनी एका सार्वजनिक सभागृहाच्या आवारात झोपू नये म्हणून, रात्रभर हे गाणे लावून ठेवले होते. दोन्ही बातम्या वाईट आहेत आणि त्यांतील माणसांची मला कीव येते, परंतु पहिली वाचताना माझ्या मनात प्रथम आलेला विचार असा होता की निदान त्या कैद्यांच्या बाजूने उभे राहणारा एक सरकारी वकील तरी होता. आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “अरे, मग तिला आपली गाणी ऐकव की. तुम्हाला काय आम्ही शार्क ऐकवले होते का?”

हा सल्ला योग्य होता आणि तो अमलात आणणे तितकेच कठीण होते. ‘आपली गाणी’ शोधू गेल्यावर पडद्यावर प्रथम अवतरतात ती त्यांची रंगीत रूपांतरे. लांब पापण्यांचा एक मोर, दोन डोक्यांएवढे डोळे असलेली मुले आणि चाल कोणतीही असो, तिच्याखाली एकसारखा धडधडणारा यंत्राचा ठेका असे त्यांचे स्वरूप असते. त्याहून असह्य असते ती गाणाऱ्या प्रौढ माणसांची बोबडी. आमच्या कन्येला ‘र’ म्हणता येतो. ‘ळ’ म्हणता येतो. ‘तुमचे चुकले’ हे तर ती अतिशय स्पष्ट उच्चारात म्हणते. तरीही तिला समजावे म्हणून कोणी पस्तिशीची बाई स्टुडिओत उभी राहून ‘बालाला खाऊ हवा’ असे गाते, तेव्हा लहान मुलांविषयीच्या या गैरसमजाचा उगम नेमका कोठे आहे, असा प्रश्न पडतो.

मूळ ध्वनिमुद्रण शोधून लावले आणि फरक लगेच कळला. ‘नाच रे मोरा’ हे गाणे १९५३ च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातले असून शब्द गदिमांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची आणि आवाज आशाबाईंचा आहे. त्या वेळी आशाबाई विशीच्या होत्या. त्या बोबडे बोलत नाहीत, उगाच लाडात येत नाहीत, प्रत्येक अक्षर ठसठशीत लागते आणि तरीही ऐकणाऱ्याला हे मूलच बोलते आहे याविषयी शंका येत नाही. पुलंची ओळख आपल्याला त्यांच्या विनोदामुळे एवढी झाली आहे की त्यांनी पेटीवर बसून केलेले हे काम आपण जवळजवळ विसरतो, परंतु एकाच दुपारी ते गाणे पुन्हा पुन्हा ऐकण्याची शिक्षा झालेला माणूस ते विसरू शकत नाही. शार्कचे गाणे तिसऱ्या वेळी संपूर्ण कळलेले असते. मोराच्या गाण्यात मला दहाव्या फेरीलाही काहीतरी नवे सापडले. ढगाला काळा पिंजलेला कापूस म्हणण्यातली गंमत तर कन्येनेच शोधली. “बाबा, कापूस काळा कसा?” या प्रश्नाला उत्तर देताना मला पिंजारी म्हणजे कोण, तो दारोदार येऊन गाद्यांचा कापूस कसा पिंजत असे आणि त्याच्या धनुकलीचा आवाज कसा येई, एवढे सगळे सांगावे लागले. तिला तेवढ्यावरून तो मोरापेक्षा महत्त्वाचा वाटू लागला आणि आता आमच्याकडे पिंजारी कधी येणार आहे, अशी रोज चौकशी होते.

चांगल्या बालगीताची ही अडचण मात्र मला कोणी सांगितली नव्हती. त्यात अर्थ असतो आणि अर्थ असला की प्रश्न येतात. ‘झुक झुक झुक झुक अगीनगाडी’ लावल्यावर आगगाडीच्या धुराविषयी चौकशी झाली. पुणे-मुंबई मार्गावर विजेची इंजिने १९३० च्या सुमारासच आली, म्हणजे गदिमांनी हे गाणे लिहिले तेव्हाही पुण्याच्या मुलाला मामाकडे मुंबईला जाताना धुरांच्या रेषा दिसल्याच पाहिजेत असे नव्हते, हे मी तिला सविस्तर समजावले. तिने ते ऐकून घेतले नाही. तिचा खरा आक्षेप मामीविषयी होता. गाण्यातली मामी सुगरण आहे आणि रोज पोळी-शिकरण करते, तर डोंबिवलीची आपली मामी ऑफिसला जाते आणि घरी मामा भात लावतो, हे तिने तेथे गेल्यावर सर्वांसमक्ष जाहीर केले. मामीने हसून साजरे केले. मामा मात्र तेव्हापासून आमच्याशी तुटक बोलतो, कारण त्याच्या भातावरही तिने काही मत दिले होते.

‘गोरी गोरी पान’ वरून घरात मतभेद झाले. श्रीनिवास खळ्यांची ही अगदी सुरुवातीच्या काळातली चाल आहे आणि त्या वयात माणसाला इतके गोड आणि इतके सोपे काहीतरी सुचावे याचा मला हेवा वाटतो. बायकोचे म्हणणे असे की चाल कितीही गोड असो, वहिनी गोरी पानच हवी हे आपल्या सावळ्या मुलीला या वयात पाठ करून देण्याची गरज नाही. तिचे म्हणणे बरोबर आहे. त्यामुळे ते गाणे मी आता एकटा असतानाच ऐकतो. मुलांपासून लपवून बालगीत ऐकण्याची वेळ माझ्यावर येईल, असे मला पूर्वी कोणी सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता.

खरा दिलासा मिळाला तो पाडगावकरांच्या भोलानाथाकडून. नंदीबैलाला भविष्य विचारणाऱ्या मुलाचे हे गाणे आपण लहानपणी पाठ केले, तेव्हा ते आपल्याविषयी आहे असे वाटत होते, परंतु चाळिशीत ऐकले की ते आपल्याविषयीच लिहिलेले होते याची खात्री पटते. आठवड्यात तीन रविवार यावेत ही मागणी मुलाची आहे, असे कोण म्हणेल? मुलाला सोमवारी बालवाडीत चिकणमातीचा हत्ती करायचा असतो आणि मला सोमवारी तिमाही आढावा द्यायचा असतो. दुपारी आई झोपली की आवाज न करता लाडू काढून घ्यायचे हे तर आमच्या घरात आजही चालते, पण ते करणारी व्यक्ती साडेतीन वर्षांची नसते. एका बाबतीत मात्र कवीच्या कल्पनेवर काळाने मात केली आहे. शाळेभोवती तळे साचले तर सुट्टी मिळेल का, असे तो मुलगा विचारतो. पुण्यात आता तळे हमखास साचते, पण सुट्टी मिळत नाही, कारण त्या दिवशी शाळा ऑनलाइन भरते.

या गाण्याची चाल मीना खडीकरांची. त्यांनी केलेली अनेक बालगीते त्यांच्याच मुलांनी, योगेश आणि रचना यांनी, गायली आहेत आणि मला वाटते त्यांचे सारे रहस्य येथेच असावे. ज्या बाईला आपलीच मुले दिवसभर घरात गाणार हे माहीत आहे, ती कानाला टोचेल अशी चाल लावणारच नाही. आजच्या यंत्रठेक्याच्या संगीतकारांना मुले असतील, तर ती बहुधा वसतिगृहात असावीत. राजा मंगळवेढेकरांचा चॉकलेटचा बंगलाही मीनाताईंनीच आपल्यापर्यंत पोहोचवला. मुलीला त्यात टॉफीचे दार ऐकू येते आणि मला फक्त बंगला ऐकू येतो. पुण्यात, स्वतंत्र, गच्ची आणि अंगणासह, आणि वर शेपटीने झाडलोट करायला खार! ते गाणे चालू असताना मी आणि बायको एकमेकांकडे न पाहता आपापल्या मनात गृहकर्जाचा हप्ता मोजत असतो, तरी ते आम्हाला प्रिय आहे.

अलीकडच्या काळात कोणी काही केलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या ‘अग्गोबाई ढग्गोबाई’ने आमच्या गाडीतील एक संपूर्ण पावसाळा सुसह्य केला. परंतु त्याच जोडीचे दमलेल्या बाबाचे गाणे मी चालत्या गाडीत लावणे बंद केले आहे. ते बालगीत नसून बालगीताच्या आसपास फिरणारे बापगीत आहे. पौड रस्त्याच्या सिग्नलवर ते लागले, माझे डोळे भरून आले, सिग्नल हिरवा झाला, मागच्या रिक्षावाल्याने माझ्या भावनांची कदर केली नाही, आणि ज्या चिमुकल्या जिवासाठी हे अश्रू होते तिने मागून विचारले, “बाबा, शार्क लावतोस?” आईबापांना आवडणारे गाणे मुलांनाही आवडलेच पाहिजे असा काही नियम नाही आणि त्या गाण्याने तो असल्याचे सोंगही घेतलेले नाही.

या साऱ्या खटाटोपात एक गोष्ट लक्षात आली की जुन्या गाण्यांची गोडी अंशतः जुन्या यंत्रांच्या गैरसोयीत होती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे, आणि ते परत ऐकायचे तर कोणीतरी मोठ्या माणसाने उठून, चावी भरून, सुई उचलून ठेवावी लागे. ‘परत’ म्हणणाऱ्या मुलाला उत्तर म्हणून “आता मला काम आहे” हे वाक्य तेव्हा खरे होते. आता फोनवर गोल बाणाच्या चिन्हाला एकदा बोट लावले की ते गाणे प्रलयापर्यंत चालू शकते, आणि हे चिन्ह कोठे असते हे आमच्या घरात सर्वांत लहान व्यक्तीला सर्वांत आधी कळले. मुलांना तेच ते का आवडते, याचे उत्तर मला तिच्या चेहऱ्यावरूनच मिळते. जगातील बाकीच्या कोणत्याही गोष्टीत पुढे काय होणार हे तिला आधी कळत नाही, गाण्यात मात्र कळते, आणि ते तसेच झाले की ती माझ्याकडे अशा नजरेने बघते की जणू ते तिनेच घडवून आणले.

सध्या आमच्यात तह झाला आहे. गाडीत एक गाणे तिचे आणि एक माझे. माझे गाणे कोणते हे तीच ठरवते, पण ते मराठी असते. घरात शार्कचा वावर शनिवार-रविवारपुरता आहे, आणि त्यामुळे आठवड्यात तीन रविवार यावेत ही मागणी मी मागे घेतली आहे.

मात्र गेल्या काही दिवसांत या तहाबाहेरचे एक गाणे पुढे आले आहे. सकाळी आमच्या गल्लीत घंटागाडी येते आणि घरातला कचरा बाहेर काढण्याचे आवाहन करणारे हिंदी गाणे भोंग्यावरून वाजवते. ते ऐकले की कन्या दूध अर्धवट टाकून गॅलरीत धावते आणि शेवटपर्यंत बरोबरीने गाते. मी मुद्दाम तटस्थपणे त्याचे परीक्षण केले. गाणारा बोबडे बोलत नाही. शब्द स्वच्छ कळतात. त्यांना अर्थ आहे, आणि तो अर्थ मी गेली कित्येक वर्षे बायकोच्या तोंडून विनाचाल ऐकत आलो आहे. गाडी कोपऱ्यावर वळली की गाणे आपोआप थांबते आणि चालकाला कोणीही ‘परत’ म्हणू शकत नाही. शिवाय आता ओल्या कचऱ्याचा डबा वेळेवर खाली जातो, कारण तो घेऊन जाण्यासाठी मुलगी माझा हात ओढत असते. काल तिने हे गाणे गाडीतही हवे म्हणून हट्ट धरला आणि मी सिग्नलला थांबून ते शोधू लागलो. पहिल्याच निकालात लांब पापण्यांची एक कचरागाडी नाचत होती.