वर्गणी भरलेली मैत्री

आज मंडळाच्या जेवणात डोकं फिरलं, म्हणून हे लिहितेय. मोठं आहे. कंटाळा आला तर खुशाल पुढे सरका.

झालं असं, की एक आई सहज म्हणाली, लेक कॉलेजात सोरोरिटीत (इथे अमेरिकेत कॉलेजातल्या मुलींची वर्गणी भरून सभासद व्हायची संघटना असते, ती) जायचं म्हणतेय. लगेच समोरचे काका (स्वतःच्या इंजिनिअरिंगच्या बॅचचं गेट-टुगेदर दरवर्षी न चुकता करणारे, बरं का) म्हणाले, "कशाला ते पार्ट्यांचं खूळ? आणि बायकांच्या मैत्र्या काय, लग्न झालं की संपल्या." सगळे हसले. बायकासुद्धा हसल्या! मी वाटीतलं श्रीखंड तसंच ठेवून उठले.

काका, तुम्ही माझ्या शेजारणीच्या फ्रिजवरचा कागद बघायला हवा होता.

शेजारीण म्हणजे सत्तरी ओलांडलेली, शाळेची मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेली कृष्णवर्णीय बाई. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी वरणभाताचा डबा घेऊन गेले, बिचारीला आपल्याशिवाय कोण आहे अशा थाटात. बघते तर फ्रिजवर कागद. सोमवार ते रविवार, प्रत्येक वारापुढे दोन नावं, एक जेवण आणणारीचं आणि एक रात्री सोबतीला झोपणारीचं. व्यायामाला कोण नेणार, औषधं कोण आणणार, कुत्र्याला कोण फिरवणार, सगळं लिहिलेलं. खाली ठळक अक्षरांत, मीठ कमी. माझ्या डब्याचा नंबर गुरुवारी लागला.

या सगळ्या डेल्टा सिग्मा थीटा या कृष्णवर्णीय बायकांच्या सोरोरिटीतल्या. कॉलेजात एकाच वर्षी आत आलेल्या, आणि तेव्हापासून धरून राहिलेल्या. तिच्या दिवाणखान्यात सोंड वर केलेले हत्तीच हत्ती आहेत. मला आधी वाटलं, बाई जयपूरला जाऊन आली असणार. हत्ती ही डेल्टांची खूण.

पार्ट्यांचं खूळ म्हणे! वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात 13 जानेवारी 1913 ला 22 मुलींनी ही संघटना काढली. पहिलं जाहीर काम काय केलं? त्याच वर्षी 3 मार्चला बायकांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. काळ्या बायकांनी मागे चालावं असं सांगणारे तिथेही होतेच. तरी या पोरी गेल्या, आणि कृष्णवर्णीय बायकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मेरी चर्च टेरेल त्यांच्याबरोबर चालल्या. 1972 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभ्या राहिलेल्या शर्ली चिझम डेल्टा. नागरी हक्कांच्या चळवळीतल्या डोरोथी हाइट डेल्टा, संघटनेच्या अध्यक्षाही होत्या. कमला हॅरिस ज्या अल्फा कप्पा अल्फा सोरोरिटीच्या, ती तर याहून जुनी, 1908 ची, तीही हॉवर्डचीच.

आणि यांचं कॉलेज संपलं म्हणून सगळं संपत नाही. पदवीनंतरच्या बायकांच्या गावोगावी वेगळ्या शाखा असतात. वर्गणी, बैठका, हिशेब, शिष्यवृत्त्या, मतदार नोंदणी. माझी शेजारीण नव्या शहरात नोकरीला आली तेव्हा कुणालाच ओळखत नव्हती. शाखेत गेली, आणि खोली कुठे मिळेल, कुठल्या साहेबापासून जपून राहायचं, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. पुढे नवरा सोडून गेला तेव्हा लेकीला शाळेतून आणायला आळीपाळीने मावश्या. त्या मावश्याच आता फ्रिजवरच्या कागदावर आहेत. एक तर काठी टेकत येते, तरी बुधवारची पाळी सोडत नाही.

हो, मान्य, नव्या मुलींच्या छळाचे प्रकार होतात, आणि ते वाईटच. गोऱ्या सोरोरिट्यांनी वर्षानुवर्षं कुणाला दाराबाहेर ठेवलं तेही माहीत आहे. पैसेही बरेच लागतात. झालं? पुढे जाऊ?

आपल्याकडे काय आहे सांगा. हळदीकुंकू? तिथे नवरा जिवंत असणं ही पात्रता. माझ्या आईला बाबा गेल्यावर शेजारच्या बाईंनी संक्रांतीला बोलावलं नाही, आणि वर "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून" असं सांगितलं. मंगळागौर लग्नानंतरची, डोहाळजेवण त्याच्याही पुढचं. बायका जमतात, पण कुणाची तरी सून, कुणाची तरी बायको म्हणून. त्यातल्या त्यात खरी आहे ती भिशी, कारण तिथे वही आहे, तारीख आहे आणि पैसे बुडवले तर भांडण आहे. आणि भिशीलाच आपण सगळ्यात जास्त नाकं मुरडतो!

असं नाही की आपल्याकडे कुणाला जमलंच नाही. 1909 साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं, रमाबाई रानडे होत्या त्यात. शिवण, नर्सिंग, शिकवणं, बायकांसाठी उभं केलेलं रीतसर काम. तेव्हा जमलं आणि आता आपण "वेळ मिळाला तर भेटू गं" वर आलो.

पुण्याच्या होस्टेलवर आम्ही पाचजणी एका खोलीत होतो. एकीच्या पोटात रात्री दोनला दुखायला लागलं तर चौघी रिक्षात. एकच बरा ड्रेस, तो सगळ्यांच्या इंटरव्ह्यूला गेला. (कमरेला पिन लावून. सगळ्यांची कंबर सारखी नव्हती.) मग लग्नं झाली, आडनावं बदलली, कुणी नागपूर, कुणी दुबई, मी इथे मेरीलँडला. भांडण कुणाचंच झालं नाही. फक्त कुणाच्याच सासरी "महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी हिची मीटिंग असते" हे कॅलेंडरवर लिहिलेलं नव्हतं. काकांचं गेट-टुगेदर मात्र काकूंनी लिहून ठेवलेलं असतं, आणि त्या दिवशीचा डबाही काकूच करतात.

प्रेम कमी पडत नाही हो. त्या फ्रिजवरच्या बायका एकमेकींवर काही सदासर्वकाळ फिदा नाहीत. शनिवारवालीशी माझ्या शेजारणीचं कशावरून तरी जुनं वाकडं आहे, नीट बोलत नाहीत. पण शनिवार तिचा, म्हणून ती आली. सूप गरम केलं, टीव्ही लावला, दोघी गप्प बसल्या. रात्री तिथेच झोपली.

तर होस्टेलवाल्या मैत्रिणींनो, तुम्हा चौघींना टॅग केलंय. रविवारी कॉल. तुमची सकाळ, माझी शनिवारची रात्र. विषय दोन, वर्गणी किती आणि वही कुणाकडे. नागपूरवालीने आत्ताच मेसेज टाकलाय, "पैसे कशाला गं मध्ये?" त्यावरच बोलायचंय. आणि "ह्यांना विचारून सांगते" लिहिणारीला पहिला दंड.