बारा वर्षे बांध कोरला म्हणून जमीन तुमची होत नाही

गावागावांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. "शेजाऱ्याची जमीन 12 वर्षे कसली की ती कायद्याने तुमची. तलाठ्याकडे अर्ज देऊन सातबाऱ्यावर नाव लावून घ्या. मग मोजणी आणली तरी कुणी काही करू शकत नाही. भाऊबंदांनाही हेच लागू."

"12 वर्षे कसली की तुमची." आकडा खरा आहे. मुदत कायदा 1963, अनुच्छेद 65 प्रमाणे ताबा प्रतिकूल झाल्यापासून 12 वर्षांच्या आत मालकाने दावा लावायचा असतो. पण नुसती वहिवाट म्हणजे प्रतिकूल ताबा नव्हे. तो उघड, सलग आणि मालकाचा हक्क नाकारणारा हवा, आणि कोणत्या तारखेपासून हे सिद्ध करायचं काम ताबा सांगणाऱ्याचं. बांध कोरणारा नेमका इथेच अडकतो. तो एका दिवसात एकर घेत नाही, दर नांगरटीला थोडा थोडा पलीकडे सरकतो. 200 मीटर लांबीचा बांध वर्षाला 15 सेंटीमीटर कोरला तर वर्षाला 30 चौरस मीटर, आणि 12 वर्षांत साडेतीन गुंठे. त्यातली 12 वर्षे पुरी झालेली पट्टी मात्र पहिल्या वर्षाची, तेवढी 30 चौरस मीटरच. ती जागेवर कुठे होती, हे कोण दाखवणार? शिवाय "बांध माझ्याच गटात आहे" असं म्हणत आलेल्याने कोर्टात "जमीन शेजाऱ्याची, पण मी ती त्याच्या नाकावर टिच्चून कसली" असं म्हणायचं, तर दोन्ही एकदम चालत नाही.

"तलाठ्याकडे नाव लावा." तलाठी मालकी ठरवत नाही. फेरफाराला, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नोंदीतल्या बदलाला, दस्त, वारस नोंद किंवा कोर्टाचा हुकूम असा काहीतरी आधार लागतो. 2019 मध्ये रविंदर कौर ग्रेवाल खटल्यात सुप्रीम कोर्टाने प्रतिकूल ताब्याच्या जोरावर स्वतः दावा लावायची मुभा दिली हे खरं. पण तो दावा दिवाणी कोर्टात, चावडीवर नाही.

"मोजणी काही करू शकत नाही." मोजणी करणारा भूकरमापक ताबा देत नाही, एवढंच यातलं खरं. हद्द कायम मोजणीचा, म्हणजे अभिलेखाप्रमाणे हद्द जागेवर दाखवणाऱ्या मोजणीचा अर्ज तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे करायचा. लगतच्या प्रत्येक खातेदाराचं नाव-पत्ता नीट द्या. ज्याला नोटीस पोचली नाही, तोच उद्या मोजणीवर हरकत घेतो. ऊस उभा असताना तारीख घेऊ नका. खुणांचे दगड, चुना आणि मजूर आपण तयार ठेवायचे. मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशावर, म्हणजे 'क' प्रतीवर, अभिलेखाची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट दोन्ही दिसतात. मधली पट्टी म्हणजे अतिक्रमण. मोजणी पटली नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागता येते. आणि सरकारी हद्दखूण उपटली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 326 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

"भाऊबंदांनाही लागू." वाटप झालेलं नसेल तर एका हिस्सेदाराची वहिवाट सगळ्यांच्या वतीने धरली जाते. इतरांचा हक्क उघडपणे नाकारून त्यांना बाहेर काढल्याचं दाखवल्याशिवाय वर्षं मोजायला सुरुवातच होत नाही. गायरानासारख्या सरकारी जमिनीला तर मुदत 30 वर्षे.

मेसेज वाचून घाबरलेल्या मालकांची चूक वेगळीच असते. वकिलाची नोटीस, पोलिसांत तक्रार, मोजणी यांतल्या कशानेही 12 वर्षांची मुदत थांबत नाही. त्यासाठी दावाच दाखल करावा लागतो. ताबा जाऊन 6 महिने झाले नसतील, तर विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली मालकी सिद्ध न करताही तो परत मागता येतो. तारीख इथेही आपल्यालाच दाखवायची असते. म्हणून बांध सरकलेला दिसला की त्याच दिवशी, खुणेचा दगड किंवा एखादं जुनं झाड चौकटीत येईल असा फोटो काढून ठेवा.