घरबसल्या रोमँटिक प्रतिभावंत व्हा

तुमच्यात प्रतिभा ठासून भरली आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे, प्रश्न फक्त जगाला कळण्याचा आहे. त्यासाठी युरोपातल्या रोमँटिक चित्रकारांचा गंडा बांधा. अठराव्या शतकाच्या अखेरीस या मंडळींनी कला अकादमीचे नियम आणि कोरडा तर्क खुंटीला टांगला आणि भावना, कल्पनाशक्ती, निसर्गाचं रौद्र रूप यांची आरती सुरू केली. आरती तुम्हीही म्हणा. नैवेद्य शिजवायच्या भानगडीत मात्र पडू नका.

आधी लोकांकडे पाठ करून उभे राहा. जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिशच्या १८१८च्या सुमाराच्या चित्रात एक कोटवाला गृहस्थ कड्यावरून धुकं न्याहाळतो. चेहरा दिसत नाही, त्यामुळे तो विश्वाचं कोडं सोडवतोय की संध्याकाळच्या जेवणाचं, हे दोनशे वर्षांत कुणाला सांगता आलेलं नाही. फायदाच आहे. फक्त हे कुठं बोलू नका, की ते खडक फ्रीडरिशनं एल्बे नदीकाठच्या डोंगरांत हिंडून एकेक करून कागदावर उतरवले आणि मग ड्रेस्डेनच्या स्टुडिओत बसून एकत्र जुळवले. त्याचा मित्र केर्स्टिंग यानं तो स्टुडिओ रंगवून ठेवलाय: उघडीबोडकी खोली, भिंतीवर पट्टी आणि गुण्या टांगलेले, खिडकीचा खालचा भाग चक्क बंद. निसर्गाचा एवढा मोठा भक्त, आणि कामाच्या वेळी बाहेरचं दिसू नये याची सोय! असले फोटो बाहेर जाता कामा नयेत.

वादळ हवंच. इंग्रज चित्रकार टर्नरनं १८४२ साली हिमवादळात सापडलेल्या आगबोटीचं चित्र मांडलं आणि ते पाहण्यासाठी आपण चार तास डोलकाठीला स्वतःला बांधून घेतल्याचं सांगितलं. तेव्हा त्याची पासष्टी उलटलेली. अभ्यासकांना शंका आहे. तुम्ही शंका घेऊ नका, किस्सा उचला. त्याआधी त्यानं वर्षानुवर्षं वह्याच्या वह्या रेखाटनांनी भरल्या होत्या, तो भाग कंटाळवाणा आहे.

फ्रेंच चित्रकार जेरिकोच्या बाबतीत तर फारच जपून. १८१६मध्ये ‘मेड्यूस’ हे फ्रेंच जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ रुतलं. वशिल्यानं नेमलेल्या कप्तानाला वीसेक वर्षांत समुद्राची सवयच उरली नव्हती. दीडशेच्या आसपास माणसं तराफ्यावर सोडून दिली गेली आणि तेरा दिवसांनी त्यांतली जेमतेम १५ जिवंत सापडली. जेरिकोनं वाचलेल्यांना गाठून खोदून खोदून विचारलं, त्याच जहाजावरच्या सुताराकडून तराफ्याची छोटी प्रतिकृती करून घेतली, इस्पितळात जाऊन मरणाऱ्यांचे चेहरे टिपले, कापलेले हातपाय स्टुडिओत आणून रंगवले. बाहेर जायचा मोह नको म्हणून डोकं भादरलं. मग कुठं जवळपास पाच मीटर उंच आणि सात मीटर रुंद असा त्या तराफ्याचा कॅनव्हास १८१९ साली लोकांपुढं आला. यातलं आपल्याला पेलण्यासारखं काय? डोकं भादरणं. तेवढं करा, बाकीच्याला ‘आतून आलं’ म्हणायचं.

क्रांतीचीही काळजी नको. १८३०च्या पॅरिसच्या क्रांतीत चित्रकार देलाक्रवा रस्त्यावर लढला नव्हता. त्या क्रांतीचं चित्र मात्र त्याचंच लक्षात राहिलं: झेंडा घेऊन लोकांपुढं निघालेली स्वातंत्र्यदेवी. सरकारनं ते विकत घेतलं आणि पुढं लोक भडकतील म्हणून नजरेआड ठेवलं. बंडखोराला आणखी काय हवं?

राहता राहिलं अकाली मरण. जेरिको वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेला, हे सगळ्यांना सांगा. टर्नर ७६ वर्षं जगला आणि लाखाहून अधिक पौंड मागं ठेवून गेला, त्याबद्दल मात्र अवाक्षर काढू नका. चाहत्यांचा विनाकारण हिरमोड होतो.