चीनमध्ये नाताळवर बंदी? त्या मेसेजमधल्या एकेका दाव्याचं खरंखोटं

दर डिसेंबरला हा मेसेज फिरतो. यंदा तो माझ्या मावशीने पाठवला आणि खाली लिहिलं, "यांच्याकडून शिका जरा." मावशी रोज दोन वर्तमानपत्रं वाचते, तरी तिला त्यात काहीच खटकलं नाही. म्हणून आता नीट लिहायलाच हवं.

मेसेज थोडक्यात असा: "चीनने 2018 मध्ये कायदा करून नाताळवर बंदी घातली. ख्रिसमस ट्री लावलं तर थेट तुरुंग. चिनी माणूस हा सण करतच नाही, फक्त जगाला त्याचा माल विकतो. 24 डिसेंबरच्या रात्री ते सफरचंद खातात, ती त्यांची 5000 वर्षांची परंपरा आहे. तिथली चर्च केव्हाच बंद झाली. आणि आपल्याकडे शाळेत सांताक्लॉज! कधी जागे होणार?" सोबत एक फोटो, क्रेनने चर्चवरचा क्रॉस उतरवतानाचा.

कायद्यापासून सुरुवात करू. असा कायदा नाही. 2018 मध्ये झाला नाही, आधी नव्हता, नंतरही आलेला नाही. चीनच्या मुख्य भूमीवर 25 डिसेंबर हा कामाचा दिवस असतो, एवढंच खरं. सार्वजनिक सुट्ट्या तिथलं केंद्र सरकार ठरवतं. 2025 पासून त्या 11 च्या 13 दिवस झाल्या. त्यात 1 जानेवारीचं नववर्ष, वसंतोत्सव (म्हणजे चिनी नववर्ष), छिंगमिंग (पूर्वजांच्या स्मरणाचा दिवस), कामगार दिन, ड्रॅगन बोट उत्सव, मध्य-शरद उत्सव आणि राष्ट्रीय दिन आहेत. नाताळ त्या यादीत नाही. सुट्टी नाही म्हणजे बंदी, असं कोण म्हणेल? आणि हाँगकाँग आणि मकाव चीनचेच भाग आहेत. तिथे आजही नाताळची रीतसर सरकारी सुट्टी असते.

मग 2018 हे साल आलं कुठून? ते आलं लांगफांगवरून. बीजिंग आणि त्यानजिन यांच्या मधलं हे हबै प्रांतातलं शहर. डिसेंबर 2018 मध्ये तिथल्या नगर व्यवस्थापन खात्याने एक सूचना काढली. हे खातं म्हणजे आपल्या महापालिकेचा अतिक्रमण विभाग समजा. रस्त्यावरची नाताळची झाडं, दिवे, मोजे, सांताच्या बाहुल्या हटवा, रस्त्यावर असा माल विकणाऱ्यांना उठवा आणि दुकानांबाहेर नाताळच्या नावाने कार्यक्रम किंवा जाहिरातबाजी होऊ देऊ नका, असं त्यात होतं. शहर त्या वेळी "राष्ट्रीय सुसंस्कृत शहर" हा किताब मिळवायच्या खटपटीत होतं, आणि त्या मूल्यमापनात रस्ता मोकळा आणि शिस्तीत दिसण्याला महत्त्व असतं. ही सूचना बाहेर आली, जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती छापली आणि मेसेज बनवणाऱ्याने एका शहराचं पत्रक उचलून देशाचा कायदा करून टाकला. तुरुंगाचा त्यात उल्लेखही नव्हता. त्याच आठवड्यात बीजिंग आणि शांघायच्या मॉलमध्ये मोठमोठी झाडं उभी होती आणि लोक त्यांच्यासमोर फोटो काढत होते.

अर्धं सत्य इथे आहे आणि ते मला मान्य करावं लागतं. गेल्या दहा-बारा वर्षांत तिथे नाताळविरोधी सूर वाढला आहे. 2006 मध्येच नामांकित विद्यापीठांतल्या दहा पीएच.डी. विद्यार्थ्यांनी नाताळ सोडा असं जाहीर पत्र काढलं होतं. 2014 मध्ये पूर्वेकडच्या ज-च्यांग प्रांतातल्या वनचौ शहराच्या शिक्षण खात्याने शाळा आणि बालवाड्यांमध्ये नाताळचे कार्यक्रम नकोत असं कळवलं. त्याच वर्षी शीआन शहरातल्या एका कॉलेजने 24 तारखेच्या संध्याकाळी मुलांना बाहेर जाऊ न देता पारंपरिक संस्कृतीवरच्या फिल्म दाखवल्या. जानेवारी 2017 मध्ये सत्ताधारी कम्युनिस्ट पक्ष आणि सरकारने मिळून पारंपरिक संस्कृती पुढे नेण्याचं धोरण जाहीर केलं. तेव्हापासून स्थानिक अधिकारी आपापल्या उत्साहानुसार पत्रकं काढतात. एका शहरात झाड चालतं, शेजारच्या शहरात चालत नाही, आणि पुढच्या वर्षी उलटंही होतं. दबाव आहे, पण देशभराचा बंदीहुकूम नाही.

"चिनी माणूस हा सण करतच नाही" हे तर निव्वळ अज्ञान. करतो, पण आपल्या डोळ्यांसमोरचा नाताळ तो नव्हे. घरचा सण म्हणजे वसंतोत्सव. तेव्हा कोट्यवधी माणसं गावी जातात, आईवडिलांसोबत जेवतात, मुलांना लाल पाकिटात पैसे देतात. नाताळला यातलं काही नसतं. तो शहरातल्या तरुणांचा, घराबाहेरचा सण. 24 डिसेंबरची संध्याकाळ मित्रांबरोबर किंवा जोडीदाराबरोबर काढायची: मॉलमधल्या झाडापाशी फोटो, मग हॉटेलात जेवण, सिनेमा नाहीतर कॅरिओकेची खोली भाड्याने घेऊन मध्यरात्रीपर्यंत गाणी. मोठी हॉटेलं त्या रात्रीसाठी वेगळा महागडा बुफे ठेवतात. घरात झाड क्वचितच असतं, ते असतं दुकानात. सांता मात्र सगळीकडे, आणि बऱ्याचदा हातात सॅक्सोफोन घेऊन. दुसऱ्या दिवशी सगळे वेळेवर ऑफिसात. याला व्हॅलेंटाइन डेचा भाऊ म्हटलं तर चूक होणार नाही. बहुतेकांसाठी यात धर्माचा संबंध येत नाही. यातलं काही मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊकच नसावं.

आता सफरचंद. "5000 वर्षांची परंपरा" वाचून माझा संयम सुटला, कारण मेसेजमधल्या सगळ्या वाक्यांत हे सर्वांत धडधडीत खोटं आहे आणि लोक नेमकं हेच कौतुकाने पुढे पाठवतात.

नाताळच्या आदल्या रात्रीला चिनीत "पिंग-आन-ये" म्हणतात, म्हणजे शांततेची रात्र. सफरचंद म्हणजे "पिंग-ग्वो". दोन्हींत "पिंग" येतं, म्हणून त्या रात्री द्यायच्या सफरचंदाला "पिंग-आन-ग्वो" असं नाव पडलं. उच्चारसाम्यावरून शुभ वस्तू ठरवायची चिनी सवय जुनी आहे, एवढं द्यायला हरकत नाही. पण ही भेट गेल्या दोन-तीन दशकांतली आहे. शिवाय ती नाताळचीच आहे. नाताळ नसता तर ही रात्र नसती आणि हे सफरचंदही नसतं. परक्या सणाला नकार दिल्याचा पुरावा म्हणून मेसेज जे दाखवतो, तेच तो सण तिथे रुजल्याचं ठळक उदाहरण आहे.

फळाचाही इतिहास बघा. चीनमध्ये जुनं स्थानिक सफरचंद होतं, मऊ आणि लवकर पिठूळ होणारं. आज डबीत बसतं ते मोठं, लालभडक, कुरकुरीत फळ वेगळं. पाश्चात्य जातीची कलमं शानतुंग प्रांतातल्या यानताय बंदरात 1871 च्या सुमारास आणली ती जॉन नेव्हियस या अमेरिकन मिशनऱ्याने. आणि डबीत असतं ते बहुतेक वेळा फुजी. ही जात जपानच्या आओमोरी भागातल्या संशोधन केंद्रात रेड डेलिशस आणि रॉल्स जेनेट या दोन अमेरिकन जातींच्या संकरातून तयार झाली आणि 1962 मध्ये बाजारात आली. आपल्याकडेही हे फळ ओळखीचं होतं. 2017 मध्ये किडीच्या कारणावरून भारताने चिनी सफरचंदांची आयात थांबवली, त्याआधी फोमच्या जाळीतली चिनी फुजी मुंबईच्या फळबाजारात सर्रास मिळायची.

या एका रात्रीसाठी बागेत किती आधीपासून तयारी चालते, तेही सांगतो. डबीतल्या चांगल्या सफरचंदावर "शांती" किंवा "नाताळ शुभेच्छा" अशी अक्षरं असतात. ती शाईने छापत नाहीत, उन्हाने उमटवतात. फळ सुपारीएवढं असताना, मे-जूनच्या सुमारास, त्याला दोन थरांची कागदी पिशवी चढवतात. आत ऊन जात नाही, त्यामुळे साल फिकट आणि डागविरहित राहते. सप्टेंबरच्या अखेरीस बाहेरचा थर काढतात, तीन ते पाच दिवसांनी आतला. घाई करून दोन्ही थर एकदम काढले तर सवय नसलेली साल उन्हाने भाजते, तपकिरी चट्टे पडतात आणि ते फळ भेटीच्या डबीतून बाद होतं. पिशवी निघाली की लगेच, फळाची बाजू फिकट असतानाच, उन्हाकडच्या अंगाला अक्षरांचा स्टिकर लावायचा. एक-दोन दिवस उशीर झाला तरी साल लाली धरू लागते आणि अक्षरं पुसट येतात. स्टिकर गोलाईवर नीट बसला नाही, सुरकुती राहिली, तर खालून उजेड शिरतो आणि अक्षराची कड फाटते. फळाभोवतीची पानं थोडी खुडतात, जमिनीवर चंदेरी परावर्तक कागद अंथरतात, म्हणजे खालच्या बाजूलाही रंग चढतो. दोन आठवडे चांगलं ऊन मिळालं तर काम झालं. ढगाळ हवा राहिली तर सगळी मेहनत वाया, कारण लालीच चढत नाही आणि अक्षर उठून दिसत नाही. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात तोडणी होते, स्टिकर सोलतात, आणि दोन महिने फळ शून्य अंशाच्या आसपास कोल्ड स्टोरेजमध्ये राहतं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ते फोमच्या जाळीत, रंगीत जिलेटिन पेपरात, रिबिनीसह सांताचं चित्र असलेल्या डबीत बसतं. एका फळाला 10 युआन किंवा त्याहून जास्त पडतात. 25 तारखेच्या सकाळी तीच डबी कुणी विचारत नाही, म्हणून विक्रेते मोजकाच माल उचलतात.

नाताळला तुरुंग असलेल्या देशात शेतकरी सप्टेंबर-ऑक्टोबरात झाडावर चढून सफरचंदांना नाताळचे स्टिकर लावतो? मेसेज पुढे पाठवण्याआधी कुणी एवढं तरी विचारायला हवं होतं.

मालाचा मुद्दा खरा आहे, त्यात फार वेळ घालवत नाही. ज-च्यांग प्रांतातलं यीवू हे शहर जगातल्या नाताळ सजावटीचा 60 टक्क्यांहून जास्त माल पुरवतं, असं चीनच्या शिन्हुआ या सरकारी वृत्तसंस्थेनेच 2014 मध्ये दिलं होतं. तिथे नाताळचा हंगाम उन्हाळ्यात असतो, कारण बोटीने माल युरोप-अमेरिकेला वेळेत पोचायचा तर ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत कंटेनर निघावे लागतात. पण "फक्त बाहेर विकतात" हे अपुरं आहे. त्याच शहराच्या बाजारातून चिनी दुकानंही झाडं आणि झिरमिळ्या नेतात.

चर्चचा दावा सर्वांत घातक, कारण तो खोटा आहे आणि त्यामागचं खरं दुखणं झाकतो. एप्रिल 2018 मधल्या चीन सरकारच्याच श्वेतपत्रिकेत प्रोटेस्टंटांची संख्या 3 कोटी 80 लाख आणि कॅथलिकांची 60 लाख दिली आहे. नोंदणी झालेल्या चर्चमध्ये 24 तारखेला प्रार्थना होते. बीजिंगच्या वांगफूजिंग बाजारातल्या सेंट जोसेफ चर्चसमोर त्या रात्री ख्रिश्चन नसलेल्या तरुणांचीही गर्दी लोटते. मोठ्या शहरांत काही चर्चना आधी नावं नोंदवून घ्यावी लागतात, नाहीतर नेहमीच्या भाविकांनाच जागा मिळत नाही. बाहेर पोलीस कठडे लावतात.

मेसेजसोबतचा क्रॉस उतरवतानाचा फोटो ज्या प्रकारचा आहे, तशी दृश्यं 2014 ते 2016 या काळात ज-च्यांग प्रांतात ठिकठिकाणी दिसली. तिथे बेकायदा बांधकामं पाडण्याच्या मोहिमेच्या नावाखाली 1000 हून जास्त चर्चवरचे क्रॉस उतरवले गेले. वनचौचं सानच्यांग चर्च तर एप्रिल 2014 मध्ये पूर्ण पाडलं. याचा नाताळशी काही संबंध नाही. ही कारवाई वर्षभर चालू होती.

खरी झळ बसते ती सरकारकडे नोंदणी न करणाऱ्या मंडळींना. 9 डिसेंबर 2018 च्या रात्री छंगतू शहरातल्या "अर्ली रेन" या नोंदणी नसलेल्या चर्चवर पोलिसांनी छापा घातला, शंभरावर लोक ताब्यात घेतले. त्या चर्चचे पाद्री वांग यी यांना 30 डिसेंबर 2019 रोजी राज्यसत्ता उलथवण्याची चिथावणी आणि बेकायदा व्यवसाय या आरोपांखाली 9 वर्षांची शिक्षा झाली. झाड लावल्याबद्दल नव्हे, सरकारच्या नियंत्रणाबाहेर प्रार्थना केल्याबद्दल. मेसेजच्या शेवटी "कधी जागे होणार" असं विचारून ज्याचं अनुकरण करायला सांगितलं जातं, ते प्रत्यक्षात हे आहे: कुणी कुठे प्रार्थना करायची, मुलांना तिथे न्यायचं की नाही, प्रवचनात काय बोलायचं, हे सरकारने ठरवायचं. तिथे हा नियम फक्त ख्रिश्चनांना नाही. बौद्ध विहार, ताओ मंदिरं, मशिदी सगळ्यांना तोच लागू आहे. 1 फेब्रुवारी 2018 पासून लागू झालेल्या सुधारित धार्मिक व्यवहार नियमावलीनुसार सामूहिक उपासना नोंदणीकृत जागेतच करायची. आपल्याकडे गल्लीतला गणपती, वाडीतला सत्यनारायण, सोसायटीच्या गच्चीवरचं भजन या नियमात कुठे बसतील, हे "यांच्याकडून शिका" लिहिणाऱ्या प्रत्येकाने आधी तपासावं.