सुंगकान म्हणजे आपली भीड

प्रश्नावलीत प्रत्येक वाक्यापुढे चार चौकोन होते. अगदी सहमत, सहमत, असहमत, अगदी असहमत. मी विचारलं, मधला कुठे गेला? 'तटस्थ' असा पाचवा चौकोन असतो ना? म्बाक म्हणाली, "तो ठेवला तर सगळे तिथेच जाऊन बसतात. म्हणून आमच्याकडे बरेच जण तो काढूनच टाकतात."

२०१४ ची गोष्ट. इंडोनेशिया सरकारच्या दार्मासिस्वा शिष्यवृत्तीवर मी भाषा शिकायला वर्षभर जावा बेटावरच्या योग्यकर्त्याला होते. तिथली माणसं गावाला जोगजा म्हणतात. मी एका 'कॉस'मध्ये राहायचे, म्हणजे विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेल्या खोल्या, अंगणात घरमालकीणबाई आणि रात्री दहाला बंद होणारं फाटक. शेजारच्या खोलीतली मुलगी मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. जावात ताईला म्बाक म्हणतात. वयाचा अंदाज येईना म्हणून आम्ही दोघीही एकमेकींना म्बाकच म्हणायचो. तिचं 'स्क्रिप्सी' चाललं होतं, पदवीसाठीचा प्रबंध. विषय होता शिक्षकांचं कामातलं समाधान.

एकदा तिच्याबरोबर शहराबाहेरच्या एका प्राथमिक शाळेत गेले. मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर झेरॉक्सच्या दुकानात स्टेपल केलेला प्रश्नावल्यांचा गठ्ठा आणि उत्तर देणाऱ्यांना भेट म्हणून वाटायची बॉलपेनं. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी पंधरा मिनिटांत फॉर्म भरून दिले. माझ्या शेजारी तिशीतल्या एक बाई होत्या. 'मी माझ्या कामाबद्दल समाधानी आहे' ह्या वाक्यापुढे त्यांनी क्षणभरही न थांबता 'सहमत'वर खूण केली.

मग त्या आम्हाला बाहेर पडवीत घेऊन गेल्या, गोडमिट्ट काळा चहा दिला, आणि बोलायला लागल्या. नऊ वर्षं 'गुरू होनोरेर' होत्या, म्हणजे मानधनावरच्या. महिन्याला तीन लाख रुपिया, तेव्हाच्या हिशेबाने आपले दीड हजार रुपये. तेही दर महिन्याला हातात नाहीत, तीन महिन्यांचे एकदम. दुपारी घरोघरी शिकवण्या. कर्ज काढलंय ते नवऱ्याला माहीत नाही. रात्री दोनला जाग येते ती येतेच. तासभर बोलल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "माफ करा, चुरहात झालं." चुरहात म्हणजे मनातलं ओतणं. दोन शब्द जोडून तिथल्या बोलीने हा एक शब्द केलाय आणि तो जो तो दिवसभर वापरतो.

परत येताना मी म्बाकला विचारलं, मग त्यांनी 'असहमत' का नाही लिहिलं? ती म्हणाली, "मुख्याध्यापक खोलीतच होते. शिवाय आपण पाहुण्या. पाहुण्यांसमोर कशी तक्रार करणार? सुंगकान."

फॉर्म संगणकात गेला, 'सहमत'चे तीन गुण धरले गेले. पडवीतल्या त्या तासाला तिच्या तक्त्यात रकानाच नव्हता. दहा-अकरा वर्षं झाली, ती पडवी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

सुंगकान ह्या शब्दाला इंग्रजीत नेमका शब्द सापडत नाही. मराठीत आहे: भीड. समोरचा मोठा आहे, परका आहे, त्याला अवघड वाटेल, म्हणून आपण गप्प बसतो ती भीड. हिल्ड्रेड गीर्ट्झ ह्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६१ साली जावाच्या कुटुंबांवर लिहिताना तीन शब्द ओळीने मांडले होते. वेदी, इसिन, सुंगकान. भीती, लाज, भीड. मूल ह्याच क्रमाने ते शिकतं, आणि तिसरं आलं की शहाणं झालं. आपल्याकडे तरी वेगळं काय सांगतात? फक्त आपल्याकडे 'भीड भिकेची बहीण' अशी म्हणही आहे आणि भीड चेपल्याचं कौतुकही होतं. जावात भीड हा सद्गुण आहे. ज्याच्याकडे ती नाही, त्याला वळण नाही.

आता अशा समाजात अमेरिकेत तयार झालेली मोजपट्टी भाषांतर करून वाटायची आणि बेरीज करायची, ह्यात कुठेतरी मोठी गफलत आहे असं मला मनापासून वाटतं.

दोन आकडे शेजारी ठेवून बघा. एप्रिल २०२५ मध्ये बावीस देशांतल्या दोन लाखांहून जास्त लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. आयुष्य किती बहरलंय असं विचारणारी ही पाहणी. तिच्यात इंडोनेशिया पहिला. जपान शेवटचा. आणि २०२२ साली इंडोनेशियाची किशोरवयीन मानसिक आरोग्याची पहिली राष्ट्रीय पाहणी आली होती, जोगजाच्याच गाजा मादा विद्यापीठाच्या पुढाकाराने. १० ते १७ वयाच्या मुलांपैकी ३४.९ टक्के, म्हणजे दर तिघांत एक, गेल्या वर्षभरात मानसिक त्रासातून गेलेला. सुमारे दीड कोटी मुलं. सगळ्यात जास्त चिंतेचा त्रास. आणि त्या मुलांपैकी मदतीसाठी कुठल्याही सेवेपर्यंत पोचलेली किती? २.६ टक्के.

कुणी म्हणेल, दोनपैकी एक आकडा खोटा असणार. मला तसं वाटत नाही. कुटुंब, शेजार, नमाज, एकमेकांच्या घरी मदतीला धावणं, हे सगळं तिथे खरंच भरभक्कम आहे, मी त्यातलं खाऊन-पिऊन आलेय. घरमालकीणबाईंनी मला ताप आला तेव्हा तीन रात्री भाताची पेज आणून दिली. पण ज्या घरात सगळे एकमेकांना सांभाळतात, त्या घरात 'मला आतून बरं वाटत नाही' हे आईला सांगणं जास्त जड जातं. ती दुखावेल ना. 'आपा काबार?' ह्या प्रश्नाला 'बाइक', म्हणजे 'छान', हे एकच उत्तर असतं.

फॉर्मच वाईट असंही मी म्हणत नाही. २०१८ च्या पिसा ह्या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीबरोबर पंधरा वर्षांच्या मुलांना दादागिरीबद्दल विचारलं होतं. इंडोनेशियातल्या ४१ टक्के मुलांनी महिन्यातून काही वेळा तरी आपल्याला त्रास दिला जातो असं सांगितलं. विकसित देशांची सरासरी २३ होती. ती प्रश्नावली परक्या संस्थेची होती, वर्गशिक्षकांच्या हातात जाणार नव्हती. म्हणजे भीड प्रश्नावलीची नसते, ती कोण गोळा करतंय त्याची असते. संशोधन करणाऱ्यांनी ही एवढी गोष्ट जरी मनावर घेतली तरी किती फरक पडेल!

शिक्षकांकडे परत येते, कारण मला सगळ्यात जास्त तेच टोचतं. जावात 'गुरू' शब्दाची गमतीची फोड करतात: 'दिगुगु लान दितिरु', ज्याच्यावर विश्वास ठेवायचा आणि ज्याचं अनुकरण करायचं तो. आपलाच शब्द, त्यांनी आपल्या मातीत रुजवला. २००५ च्या शिक्षक कायद्याने प्रमाणित शिक्षकांना मूळ पगाराइतकाच भत्ता मिळायला लागला. त्याचा परिणाम बघायला ३६० शाळांमध्ये प्रयोग झाला, २०१८ मध्ये तो छापून आला. दोन-तीन वर्षांनंतरही मुलांच्या गुणांत काहीच फरक नव्हता. तेव्हापासून जो तो हा निबंध दाखवून म्हणतो, बघा, पगार वाढवून काही होत नाही. पण त्याच निबंधात हेही आहे की शिक्षकांचं समाधान वाढलं, पैशाची ओढाताण कमी झाली, जोडधंदे कमी झाले. हे 'काही नाही'? रात्री शांत झोपणारा शिक्षक हा मुलांच्या गुणपत्रिकेत दिसला तरच मोजायचा का? आणि पडवीतल्या त्या बाईंसारख्यांना तो भत्ता हा दूरचा दिवा होता. शिक्षणसेवक म्हणून किंवा तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींना हे उलगडून सांगायची गरज नाही.

विद्यार्थ्यांचंही तेच. म्बाक स्वतः आठ महिने अडकून पडली होती, कारण मार्गदर्शक सरांच्या दारावर टकटक करायची तिला भीड. तीनदा दारापर्यंत जाऊन परत आली. तिला कुणी 'मार्गदर्शक सहज उपलब्ध असतात' असं वाक्य दिलं असतं, तर तिनेही 'सहमत'च लिहिलं असतं, ह्याबद्दल माझी खात्री आहे. विशीतल्या मुलांच्या 'क्वार्टर लाइफ क्रायसिस'वर तिथे ढिगाने प्रबंध निघतात. त्यांचा पाया आर्नेट ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची २००० सालची मांडणी असते, १८ ते २५ हे स्वतःला शोधण्याचं वय वगैरे. पण ईदला गावी गेलं की प्रत्येक मावशी-काका 'कधी पदवी? कधी नोकरी? कधी लग्न?' ह्याच क्रमाने विचारतात. तिथल्या मुलांना छळतो तो स्वतःचा शोध कमी आणि हा प्रश्न जास्त.

ज्यांना वाटतं की ह्याला पर्याय नाही, त्यांना मी कि आगेंग सुर्योमेंतारामची गोष्ट सांगते. १८९२ चा जन्म, जोगजाच्या सुलतानाचा मुलगा. राजवाड्यात त्याला माणूसच भेटेना. भेटतात ते वाकून नमस्कार करणारे, हुकूम मागणारे. म्हणून तो निघून गेला, बाटिकचं कापड आणि कमरपट्टे विकले, विहिरीही खणल्या, आणि पुढे उपाधी सोडून शेतकऱ्यांमध्ये राहिला. १९६२ मध्ये गेला. त्याने मनाचं जे शास्त्र मांडलं त्याला 'कावरुह जिवा' म्हणतात, म्हणजे जीवाचं ज्ञान. जिवा म्हणजे आपलाच जीव. इच्छा ताणली जाते आणि आक्रसते, मुलुर आणि मुंगक्रेत, म्हणून सुख कायम नाही आणि दुःखही कायम नाही, असं तो साध्या जावानीज बोलीत सांगायचा. त्याची पद्धत होती 'कांधा-ताकोन': एकाने सांगायचं, दुसऱ्याने विचारायचं. राजपुत्र आणि शेतकरी एकाच चटईवर बसून. म्हणजे आधी भिडेचं कारण काढून टाकायचं, मग मनाचं विचारायचं! हे त्याने शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आज तिथल्या विद्यापीठांत ह्यावर संशोधन होतं, पण मुख्य रस्ता अजून चार चौकोनांचाच आहे. तो रस्ता स्वस्त आहे, वेळेत संपतो, हे मलाही कळतं. पदवीच्या मुलांकडून ह्याहून जास्त मागणं योग्यही नाही. मी मागते ते त्यांच्या मार्गदर्शकांकडे, आणि धोरणं ठरवणाऱ्यांकडे. साठ फॉर्मऐवजी वीस फॉर्म घ्या आणि सहा जणांबरोबर पडवीत बसा. तो तासही विदा (डेटा) आहे, त्याला रकाना द्या.

म्बाक आता गुनुंगकिदुलच्या डोंगरातल्या एका शाळेत समुपदेशक शिक्षिका आहे, 'गुरू बेका'. नियमाप्रमाणे अशा एका शिक्षिकेकडे दीडशे मुलं असावीत. तिच्याकडे चारशेच्या वर आहेत. पूर्वी ह्या शिक्षकांना मुलं 'शाळेतले पोलीस' म्हणायची, कारण बोलावणं आलं की काहीतरी गुन्हा झालेला असायचा. म्हणून ती कुणाला खोलीत बोलावतच नाही. दार उघडं ठेवते, आणि टेबलावर स्टेपलर, कात्री, चिकटपट्टी असं काय काय ठेवते, म्हणजे मुलांना यायला निमित्त सापडतं.

मागच्या महिन्यात तिचा व्हॉइस मेसेज आला. आठवीतला एक मुलगा चार दिवस रोज स्टेपलर मागायला यायचा. हातात एकच कागद, तोही आधीच स्टेपल केलेला. तिने रोज दिला, काही विचारलं नाही. पाचव्या दिवशी त्याने स्टेपलर मागितला आणि उभा राहिला, तिने शेजारची खुर्ची थोडी सरकवली. तो बसला.