यादी पाहिली, छाती पाहिली नाही

"काका, ऑपरेशन विजय मेडल आहे? नाही ना? मग मागच्या रांगेत बसा."

परवा गोवा मुक्तिदिनाच्या कार्यक्रमात गळ्यात ओळखपत्र लटकवलेल्या एका पोरानं माझ्या बाबांना हे सुनावलं. बाबा २ पॅरा मराठाचे. डिसेंबर १९६१ मध्ये त्यांची पलटण गोवा सोडवायला फोंड्यात पोचली आणि त्याच फोंड्यात त्यांना मागे बसवलं. वर 'काका' म्हणून!

अरे, ऑपरेशन विजय मेडल कारगिलचं आहे, १९९९ चं! गोवा आणि कारगिल, दोन्ही मोहिमांचं नाव विजय, म्हणून मेडलही एकच होतं का? गोव्यासाठी स्वतंत्र मेडल सरकारनं काढलंच नाही. दिलं ते १९४७ चं जनरल सर्व्हिस मेडल, त्याची लाल रिबन, तिच्यावर पाच बारीक हिरव्या रेघा, आणि रिबनवर आडवी धातूची पट्टी: गोवा १९६१. याच मेडलवर कुणाला जम्मू-काश्मीरची पट्टी, कुणाला नागा हिल्सची. पट्टी वाचायची असते! मेडलवर भवानी तलवार कोरलेली आहे, तीही मराठी पोराला ओळखता येऊ नये? बाबांनी कोट पुढे करून पट्टी दाखवली. पोरगं यादीतच डोकं घालून.

पुढच्या रांगेत कोण, तर कारगिलला गेलेले एक सुभेदार साहेब. निवेदिकेनं त्यांना गोवा मुक्तीचे वीर म्हणून पुकारलं. साहेब स्वतः उठून म्हणाले, "बाई, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता." त्यांनी बाबांना हाताला धरून पुढे आणलं, आपली खुर्ची दिली. जे आयोजकांना कळलं नाही ते त्यांना कळलं, कारण त्यांनी मेडल कमावलंय. बाकीच्या खुर्च्यांवर कमिटीचे लोक, प्लास्टिकचे बिल्ले लावून. ते एकही उठले नाहीत.

आणि भाषण! "रक्ताचा थेंब न सांडता गोवा मुक्त झाला." दरवर्षी कुणीतरी हे म्हणतोच. अंजदीव बेटावर नौदलाचे सात जण पडले ते काय होतं मग? माईकसमोर उभं राहण्याआधी एवढं तरी वाचा.

छातीवर काही चमकलं की सरसकट 'शौर्यपदक' लिहिणाऱ्यांचाही मला तितकाच संताप येतो. शौर्याचं वेगळं, मोहिमेचं वेगळं. मोहिमेतही फरक आहे. १९७१ च्या युद्धाचं संग्राम मेडल त्या काळात फौजेत असलेल्यांना मिळालं. 'पूर्वी स्टार' आणि 'पश्चिमी स्टार' पूर्व आणि पश्चिम आघाडीवर असलेल्यांना. दोन्हींचा मान आहे, पण जो जिथे होता ते त्याच्या छातीवर लिहिलेलं असतं. ते पुसून सगळ्यांना एकाच माळेत ओवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? त्यात कित्येक वर्षं मूळ मेडल हातात यायला फार उशीर व्हायचा, जवान बिचारे कॅन्टोन्मेंटच्या दुकानातून स्वतःच्या पैशानं विकत घेऊन परेडला लावायचे. इतकं करून लावलेलं मेडल वाचायलासुद्धा कुणाला सवड नाही.

बाबा म्हणतात, सोड रे. मी नाही सोडणार. १९६१ ची माणसं आता किती उरलीत? आयोजकांना पत्र टाकलंय, पट्टीचा फोटो जोडून. बाबांची लेखी माफी मागा, आणि पुढच्या वर्षी यादी करायला एखादा माजी सैनिक बसवा. उत्तर आलं नाही तर मी स्वतः जाऊन दारात बसेन.